तीन ग्रॅमचा साहेब

एप्रिलच्या मध्यावर मुंबईहून नेवार्कला निघालेल्या विमानात नजर टाकलीत, तर आमच्यासारखी जोडपी रांगेनं बसलेली दिसतील. बायकोच्या पर्समध्ये औषधांच्या चिठ्ठ्या, नवऱ्याच्या खिशात मुलीचा पत्ता आणि सामानात भाजणी, गोडा मसाला व शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपापल्या मुलांसाठी गळ्यात मारलेली पार्सलं. बर्फ वितळलं की जायचं आणि पुन्हा पडायच्या आत परतायचं, कारण तिकडे राहायची परवानगी मिळते ती बहुधा सहा महिन्यांची. न्यू जर्सीत रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड नावाचा पक्षी नेमका याच वेळापत्रकानं येतो-जातो. एप्रिल संपता संपता मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडून वर येतो, ऑक्टोबर उजाडला की चालू पडतो. त्याला व्हिसा लागत नाही आणि मुलीकडे उतरावं लागत नाही, एवढाच काय तो फरक.

मुलीकडे उतरलेल्या बापाला तिथं काम नसतं, पण हे उघडपणे कुणी बोलत नाही. बायकांचं बरं असतं. आमची ही दुसऱ्याच दिवशी पुरण शिजायला टाकते आणि सगळं घर तिच्याभोवती फिरू लागतं. मी सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस. मला कागद लागतात, सह्या लागतात, ‘हे असं का झालं?’ असं विचारायला समोर कुणीतरी लागतं. गेल्या गेल्या मी डिशवॉशरमध्ये भांडी लावण्याची नवी पद्धत घालून दिली, गॅरेजमधल्या खोक्यांना नंबर टाकले आणि जावयाच्या गृहकर्जाची चौकशी सुरू केली. व्याजदरापाशी पोचलो तेव्हा जावयानं मुलीकडे पाहिलं. त्याच शनिवारी मुलीनं लाल झाकणाची, खाली प्लॅस्टिकची फुलं असलेली एक काचेची बाटली माझ्या हातात दिली नि म्हणाली, “बाबा, हा हमिंगबर्ड फीडर. आजपासून हे खातं तुमचं.”

खातं म्हटल्यावर मी सरसावलोच. शंभर पानी वही घेतली, आवक-जावक असे रकाने आखले.

खात्याचे नियम तसे सोपे. एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. साखर विरघळली की गार करायचं आणि भरायचं. लाल रंग घालायचा नाही, फीडरवरची लाल फुलं पक्ष्याला बोलवायला पुरेशी असतात. मध घालायचा नाही, त्या पाण्यावर बुरशी लवकर धरते. आणि गूळ किंवा ब्राउन शुगर तर मुळीच नाही, कारण त्यातलं लोह या एवढ्याशा जिवाला बाधतं. या शेवटच्या कलमावर घरात वाद झाला. गूळ कुणाला बाधू शकतो हेच हिला मान्य होईना. “अहो, बाळंतिणीला चालतो, मग पाखराला काय धाड भरलीय?” मग तिनं पातेल्यात चमचा बुडवून वर धरला. पाक पाण्यासारखा खाली ओघळला. एकतारी तर सोडाच, बोटाला चिकटेसुद्धा ना. असला पाक आपल्या घरातून पाहुण्यापुढे जाणार या कल्पनेनं ती दिवसभर अस्वस्थ होती. संध्याकाळी मी आत आलो तर ती हळूच त्यात वेलदोड्याची पूड टाकायच्या बेतात होती.

मला मधुमेह आहे हे इथं सांगायला हवं. त्यामुळे आमच्याकडे साखरेचा डबा वरच्या फळीवर, इतर डब्यांच्या मागे असतो. आता तोच डबा अधिकृत कामासाठी माझ्या हाती येऊ लागला. पाकाची चव बघू नये असा नियम मला कुठल्याही पुस्तकात आढळला नाही. मी बघायचो. गार होताना एकदा, भरताना एकदा, बाटलीत मावला नाही तर उरलेल्याची विल्हेवाट म्हणून एकदा. मे अखेरीस साखरेची पिशवी तळाला गेली तेव्हा हिनं सहज विचारलं, “वजन किती असतं हो त्या पक्ष्याचं?”

“तीन ग्रॅम. फार तर साडेतीन.”

“आणि साखर?”

मी तिला समजावू लागलो. या पक्ष्याचे पंख सेकंदाला पन्नासेक वेळा हलतात. उडताना काळीज मिनिटाला हजाराच्या वर ठोके देतं. दिवसभरात तो आपल्या वजनाइतका रस पितो, प्रसंगी त्याहूनही जास्त. एवढ्या खटाटोपाला साखर लागणारच. ती शांतपणे ऐकत होती आणि माझ्या मिशीकडे पाहत होती. मिशीला पाक लागला होता. त्या दिवसापासून वहीत साखरेच्या रकान्यापुढे तिची सही येऊ लागली.

पण हे पुढचं. आधी पक्षी यायला हवा होता, आणि तो येईना. फीडर टांगला नि मी डेकवर खुर्ची टाकून बसलो, तर मुंग्या आल्या. दोरीवरून शिस्तीत एकामागून एक उतरल्या आणि सगळ्या फुलांचा ताबा घेऊन बसल्या. तिकडे यावर एक उपकरण मिळतं. फीडरच्या वर टांगायची पाण्यानं भरलेली वाटी. मुंगीला पाणी ओलांडता येत नाही, संपला विषय. आमच्या आजीनं फडताळाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवून जन्मभर हेच केलं. मी दुकानात बारा डॉलर मोजून तीच वाटी घेतली आणि किमतीला गुणिले करून रुपये काढायचे नाहीत ही मुलीची सक्त ताकीद मोडली.

पक्षी आला तो एका सकाळी, मी पेपर वाचत असताना. पेपर म्हणजे फोनवरचा ठाण्याचा ई-पेपर. डाव्या कानामागे घुंईंऽऽ असा जाड आवाज आला. भुंगा! मुलीच्या परसात भुंगे फार, आणि मी तयारीत होतो. डास मारायची चार्जिंगची रॅकेट मी घरून नेली होती. ती उचलली नि बसल्या जागेवरून मागे एक बॅकहँड मारला.

“आबा! नो!” दारातून नातू किंचाळला. “तो बी नाहीये, बर्ड आहे!”

वळून पाहिलं. माझ्या रॅकेटपासून हातभर अंतरावर एक हिरवा अंगठा हवेत उभा होता. मी रॅकेट पुढे केली तसा तो तोंड माझ्याकडेच ठेवून सरळ मागे सरकला. वळला नाही, फिरला नाही, फक्त मागे. असं मागे उडणं हमिंगबर्डसारखं दुसऱ्या कुठल्याच पक्ष्याला जमत नाही, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की तो मला बघतोय आणि त्याचं माझ्याविषयी काही बरं मत झालेलं नाही. मग तो उजवीकडे गेला, फुलात चोच घातली, चारदोन थेंब प्यायला आणि नाहीसा झाला. नातवानं मला शांतपणे माहिती दिली की अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांना १९१८ सालापासून कायद्याचं संरक्षण आहे आणि त्यांना मारणं गुन्हा आहे. सहा महिन्यांच्या परवान्यावर आलेल्या माणसाच्या पोटात गोळा यायला एवढं पुरे. मला वाचवलं ते रॅकेटनं. तिची पिन तिकडच्या सॉकेटात बसत नव्हती, त्यामुळे मुंबई सोडल्यापासून ती चार्जच झाली नव्हती.

झालं गेलं विसरून मी मैत्रीचा हात पुढे करायचं ठरवलं. तो शब्दशः पुढे केला. हमिंगबर्ड लाल रंगाकडे ओढला जातो आणि सवय झाली की माणसाच्या हातातल्या छोट्या फीडरवरही येऊन पितो, हे वाचल्यावर मी जावयाचा लाल टी-शर्ट घातला, डोक्यावर नातवाची लाल टोपी चढवली आणि तळहातावर लाल झाकणातून पाक घेऊन सकाळच्या उन्हात उभा राहिलो. जावई उंच आणि बारीक आहे. मी नाही. हात भरून आला, खांदा दुखू लागला, नाकावर माशी बसली, तरी हललो नाही. पक्षी आला, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि नाकासमोर वीतभर अंतरावर थांबला. सुईएवढी चोच रोखून थेट डोळ्यात बघत. इतक्या जवळून त्याच्या पंखांचा वारा गालाला लागतो. मी धीर धरायला हवा होता. मी ‘अगं आई गं’ म्हणून दोन पावलं मागे गेलो, तिथं खुर्ची होती, मी बसलो, ती बसली नाही.

आवाज ऐकून ही बाहेर आली, हातात कणीक तशीच. मी खाली, पाक टोपीवर, आणि पक्षी अजून तिथंच. तो हिच्याकडे वळला. हिच्या कपाळावर कुंकू असतं, चांगलं रुपयाएवढं. तो सरळ त्या कुंकवासमोर जाऊन हवेत उभा राहिला. आता ही घाबरेल, ओरडेल म्हणून मी वाट बघत होतो. तिनं फक्त डोळे मिटले. दोन्ही हात कणकीसकट बाजूला धरले आणि अजिबात हलली नाही. त्यानं कुंकू एकदा उजवीकडून पाहिलं, एकदा डावीकडून पाहिलं, रस नाही म्हणताच निघून गेला. “गेला का?” तिनं विचारलं. गेला म्हटल्यावर आत जाऊन पोळ्या लाटू लागली. फोटो काढायला हवा होता हे मुलगी अजून बोलून दाखवते. फोन माझ्याच खिशात होता, पण मी त्यावर बसलो होतो.

जून लागेपर्यंत माझ्या लक्षात आलं की आपल्याकडे येणारा नर एकच आहे आणि तो दुसऱ्या कुणाला येऊ देत नाही. डेकच्या कोपऱ्यावरच्या डॉगवुडच्या झाडाला एक वाळकी काटकी होती. तिथून फीडर दिसायचा, फुलझाडं दिसायची आणि येण्याजाण्याचे सगळे रस्ते दिसायचे. हा दिवसभर त्या काटकीवर. एखादी मादी बिचारी फीडरजवळ आली की चिक्-चिक् करत वरून झडप घालायचा आणि तिला छपरापलीकडे पिटाळून परत काटकीवर. स्वतः पिणार थोडंसंच, दुसऱ्याला मात्र थेंबही मिळू द्यायचा नाही. मी त्याचं नाव चेअरमन ठेवलं. ठाण्यात आमच्या सोसायटीत पाण्याच्या पंपाची चावी अशीच एका माणसाच्या ताब्यात होती आणि कुठल्या विंगला किती वेळ पाणी सोडायचं ते तो गॅलरीत बसून ठरवायचा. मुलगी म्हणाली, “बाबा, पण चावी तर तुमच्याकडे होती ना?” माझ्याकडे होती. म्हणूनच मला त्याची कार्यपद्धती इतक्या लवकर कळली.

मादीची बाजू घ्यायला आणखी एक कारण होतं. या जातीत नर संसाराला काडीचाही हातभार लावत नाही, अक्षरशः. घरटं मादी एकटी बांधते. झाडांचा कापूस कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी बांधून एवढीशी वाटी करते, बाहेरून दगडफुलासारखे तुकडे चिकटवते, त्यात घेवड्याच्या दाण्याएवढी दोन अंडी घालते आणि पिल्लं उडेपर्यंत सगळं एकटी बघते. नर त्या वेळी काटकीवर. हा परिच्छेद मी पुस्तकातून मोठ्यानं वाचून दाखवला. हिनं तो पुन्हा वाचायला लावला. मग काही न बोलता माझ्यासमोर सोलायला मटारची परडी ठेवली.

न्याय करायचा म्हणून मी छत्री घेऊन डॉगवुडखाली उभा राहू लागलो. चेअरमन काटकीवर बसला की छत्री हलवायची, तो उडाला की तेवढ्या वेळात मादीनं पिऊन घ्यावं, अशी योजना. चेअरमन छत्रीला भ्यायला नाही, मादी भ्याली. शेजारचे आजोबा मात्र रोज सकाळी आपल्या अंगणातून मला हात करू लागले. त्यांना वाटलं हा इंडियन गृहस्थ मोठा मनमिळाऊ आहे, छत्री हलवून गुड मॉर्निंग करतो. त्यांचा गैरसमज दूर करण्याइतकं इंग्रजी मला त्या अंतरावरून सुचेना, म्हणून मीही हात करत राहिलो.

मग दुसरा फीडर आणला आणि पहिल्यापासून पाच फुटांवर टांगला. चेअरमननं दोन्हींच्या मधली काटकी पकडली आणि दोन्ही सांभाळले. तिसरा आणायला निघालो तेव्हा नातू म्हणाला, “आबा, हाऊसच्या त्या साइडला लावा ना. त्याला दिसलाच नाही तर तो फाइट कसा करेल?” तिसरा फीडर घराच्या पुढच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या खिडकीशी लागला. दुपारपर्यंत त्यावर एक मादी निवांत बसून पीत होती. एका नराला एका वेळी एकाच दिशेला राखण करता येते, म्हणून फीडर एकमेकांच्या नजरेआड लावावेत, असं पुढे मला पुस्तकातही सापडलं. वहीत मी त्याची नोंद ‘शाखाविस्तार’ अशी केली. सुचवलं कुणी हा रकाना वहीत नव्हता.

याच सुमारास माझ्या हातून पक्षिशास्त्रात एक शोध लागता लागता राहिला. ढगाळ सकाळ होती. काटकीवर बसलेल्या पक्ष्याचा गळा लाल नव्हता, काळाकुट्ट होता. मी लायब्ररीतून आणलेलं पुस्तक उघडलं. ब्लॅक-चिन्ड हमिंगबर्ड, पश्चिमेकडच्या राज्यांतला. टेक्सास, ॲरिझोना वगैरे. आणि तो आपल्या न्यू जर्सीच्या डॉगवुडवर! फोटो काढला, तेवढ्यात तो उडालाही. मी ताबडतोब कुटुंबाच्या ग्रुपवर, बँकेच्या निवृत्तांच्या ग्रुपवर आणि सोसायटीच्या ग्रुपवर बातमी टाकली. सांगलीच्या मामेभावानं ती ‘अमेरिकेत मराठी माणसाचा झेंडा’ अशा मथळ्यानं पुढे पाठवली. शनिवारी लायब्ररीच्या पक्षिनिरीक्षण फेरीला गेलो आणि तिथल्या म्होरक्या बाईंना फोटो दाखवला. सत्तरीच्या पुढच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी चष्मा वर करून फोटो पाहिला आणि अतिशय मायेनं विचारलं, “सूर्य कुठे होता?”

सूर्य ढगात होता. या पक्ष्याच्या गळ्याचा लाल हा रंग लावल्यासारखा लाल नसतोच. पिसांची घडण अशी असते की ठरावीक कोनातून उजेड पडला तर माणिक पेटल्यागत दिसतं. उजेड नाही किंवा मान वळली, की काळं. शिवाय खऱ्या ब्लॅक-चिन्डच्या काळ्या गळ्याखाली जांभळी पट्टी असते, ती माझ्या फोटोत कुठेच नव्हती. तो चेअरमनच होता. मी सगळ्या ग्रुपांवर सविस्तर खुलासा पाठवला. अभिनंदन मात्र पुढे महिनाभर येत होतं. बातमी पळते तसा खुलासा पळत नाही, हे बँकेतही पाहिलं होतं.

जुलैत आम्हाला नायगरा दाखवायला नेलं. नायगरा न पाहता परत आलेले आईवडील आमच्या पिढीत कुणी ऐकले नाहीत. सगळे खुशीत आणि माझं मन परसात. कडक उन्हाळ्यात फीडरमधलं पाणी दोन-तीन दिवसांत आंबतं, त्यात बुरशी धरते, पक्ष्याला ती घातक. फीडर सोडवून, गरम पाण्यानं ब्रशनं घासून, नवं पाणी भरावं लागतं. हे मी निघायच्या सकाळी केलं होतं, पण पुढे? निळे रेनकोट घालून बोटीतून आम्ही धबधब्याच्या पायथ्याशी गेलो. समोर पाण्याचा एवढा प्रचंड लोंढा कोसळतोय, कानठळ्या बसतायत, चष्म्यावरून पाणी ओघळतंय, जावई ओरडून विचारतोय, “बाबा, कसं वाटतंय?” आणि मी ओरडून विचारतोय, “पाणी फसफसलं असेल का रे?” त्याला वाटलं हे मी नायगराविषयीच विचारतोय. परतीच्या सगळ्या रस्त्यात तो माझ्याशी जरा सांभाळूनच बोलत होता.

घरी पोचल्यावर बूट न काढता मी मागे धावलो. पाणी गढूळ झालेलं, फुलांच्या भोकांना काळी कड आलेली, पिवळ्या गांधीलमाश्या घोंगावतायत. उपाशी पक्षी मात्र कुठे नव्हता. शेजारच्या आजोबांच्या कुंपणावर ट्रम्पेट व्हाइनचा वेल आहे, नारिंगी-लाल लांब नळीच्या फुलांचा. चेअरमन त्या फुलांत चोच घालून आरामात पीत होता. मधेच हवेतल्या हवेत एखादं चिलट टिपायचा. या पक्ष्यांना साखरेवर भागत नाहीच, बारीक किडे नि कोळी लागतातच. आजोबांनी आयुष्यात कधी पाक केला नाही, फीडर घासला नाही, वही ठेवली नाही. वेल लावला आणि विसरून गेले. मी त्यांना हात केला. या वेळी छत्रीशिवाय.

तरी फीडर घासून पुन्हा भरलाच. पदर खोचला होता, आता माघार कशी घ्यायची?

ऑगस्टमध्ये एके दिवशी फीडरच्या कडेवर हिरवागार प्रार्थनाकीटक बसलेला दिसला. चांगला बोटाहून लांब, पुढचे पाय जोडून ध्यान लावलेला. मला फार प्रसन्न वाटलं. आपल्या खानावळीत साधुसंतही येऊ लागले म्हणून मी नातवाला बोलावलं. नातू पांढराफटक. “आबा, तो बर्ड्स खातो!” मला खरं वाटेना. पण खरं होतं. हा किडा फीडरवर दबा धरून बसतो आणि रस प्यायला आलेल्या हमिंगबर्डला झडप घालून पकडतो. अमेरिकेत अशा नोंदी भरपूर आहेत आणि त्यातल्या कितीतरी अशाच परसातल्या फीडरवरच्या. मी रॅकेट शोधू लागलो. तेवढ्यात हिनं आतून उलथणं आणलं, त्या साधूला अलगद उलथण्यावर घेतलं आणि कुंपणापलीकडच्या झुडपात सोडून आली. आल्यावर उलथणं घासलं नि मला म्हणाली, “तुम्ही नोंद करून ठेवा.”

ऑगस्टच्या मध्यानंतर काटकी रिकामी दिसू लागली. चेअरमन गेला होता. निरोप नाही, काही नाही. मी झुडपं धुंडाळली, शेजारच्या मांजरीकडे संशयानं पाहिलं, रात्री जेवण कमी गेलं. लायब्ररीच्या बाईंना फोन केला तेव्हा कळलं की मोठे नर सर्वांच्या आधी दक्षिणेला निघतात. माद्या मागून, आणि त्याच वर्षी जन्मलेली पोरं सर्वांत शेवटी, एकेकटी, कुणी रस्ता दाखवायला नसताना. फीडर टांगलेला राहिला म्हणून पक्षी अडकून पडतो हे खोटं, दिवस लहान होऊ लागले की त्यांना निघायची हाक आपसूक लागते. सप्टेंबरभर आमच्या तिन्ही फीडरवर नुसती पोरासोरांची गर्दी. सगळी चरबी साठवत होती. निघण्याआधी या पक्ष्याचं वजन जवळपास दुप्पट होतं, कारण त्यांतल्या बऱ्याच जणांना पुढे मेक्सिकोचं आखात ओलांडायचं असतं. सुमारे ८०० किलोमीटर समुद्र, मधे टेकायला जागा नाही, खायला काही नाही, सलग वीसेक तासांचं उड्डाण.

माझंही वजन वाढलं होतं, पण त्याला समुद्र ओलांडायचं कारण देता येईना. ऑक्टोबरच्या सुरुवातीला नेवार्कहून निघालो. सुमारे पंधरा तासांची वाट, त्यात दोन जेवणं, एक नाश्ता आणि मधुमेह्यांचं वेगळं ताट. तरी विमानतळावर मुलीनं माझ्यासाठी व्हीलचेअर सांगितली होती आणि मी तीत बसलो. मांडीवर वही होती.

जावयाला लेखी सूचना देऊन आलो होतो. शेवटचा पक्षी दिसल्यावरही दोन आठवडे फीडर काढायचा नाही, मागे राहिलेला एखादा वाटसरू येऊ शकतो. त्यानं आळसानं तो नोव्हेंबरपर्यंत काढलाच नाही. मग एके दिवशी त्याचा फोटो आला. फीडरवर तांबूस, विटकरी पाठीचा हमिंगबर्ड. लायब्ररीच्या बाई येऊन खात्री करून गेल्या. रूफस हमिंगबर्ड, खरोखर पश्चिमेकडचा, कधीमधी शरदात भरकटून पूर्वेला येणारा. सकाळी सहा वाजता ठाण्यात गादीवर बसून मी तो फोटो पाहिला. लगेच सगळ्या ग्रुपांवर टाकला. एकाचंही उत्तर आलं नाही. फक्त मामेभावानं लिहिलं, “हे मागे पाठवलं होतंस ना?”

सध्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात माझं व्याख्यान ठेवतात, दर वेळी चहाच्या आधी. व्याख्यान संपलं की कुणीतरी उठून सांगतंच, “आमच्या बाल्कनीत येतो की तुमचा हमिंगबर्ड! जास्वंदीवर.” आणि रात्री दहानंतर माझ्या फोनवर फोटो येऊ लागतात. तर मंडळी, हात जोडून सांगतो. हमिंगबर्डच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिकेच्या दोन खंडांत आणि आसपासच्या बेटांवर. आपल्याकडे एकही नाही. तुमच्या जास्वंदीवर येतो तो शिंजीर. त्याची चोच खाली वळलेली असते आणि तो बहुधा देठावर बसून रस पितो. फार देखणा पक्षी आहे, त्याला पाकाची बाटली नको, जास्वंद पुरते. त्याचे फोटो जरूर पाठवा, पण शिंजीर म्हणून पाठवा. हमिंगबर्ड म्हणून पाठवलेल्या फोटोंना यापुढे उत्तर मिळणार नाही.